मेंदूचा फोटो आणि घरचा घोर

ओझर म्हटले, की बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा मिग विमानांचा कारखाना आणि निफाड तालुक्याची द्राक्षे. कारखान्यामुळे देशभरातून माणसे इथे येऊन राहिली, टाऊनशिप उभी राहिली, कामगारांची मुले शिकून इंजिनिअर झाली. अशा या गावातल्या एका घराची कल्पना करा. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. थोरला मुलगा हुशार, पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचे अभ्यासातले लक्ष उडाले. मित्र तुटले. रात्र रात्र तो जागा राहू लागला, आंघोळ टाळू लागला. शेजारच्या ब्लॉकमधले लोक भिंतीला कान लावून आपले बोलणे ऐकतात, असे एक दिवस त्याने आईला दबक्या आवाजात सांगितले. दीड वर्ष असेच गेल्यावर नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, स्किझोफ्रेनिया. औषधे सुरू झाली, मुलगा बराच सावरला. पण आईला आता दुसराच घोर लागला आहे. धाकटी मुलगी अकरावीत आहे. तिलाही हे होईल का? मेंदूचा फोटो काढला की आधीच कळते म्हणतात. काढून टाकावा का?

हे घर काल्पनिक आहे, प्रश्न मात्र काल्पनिक नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. दर हजार प्रौढांमागे सुमारे 14 जणांना आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया किंवा त्या जातीचा गंभीर मनोविकार होतो, असे त्यात दिसले. आपला महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण आपली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. म्हणजे मोठ्या गावाच्या प्रत्येक आळीत असे एखादे घर असणार. ते आपल्याला दिसत नाही, कारण ते घर दार लावून घेते.

दार लावून घेण्याचे कारण भीती कमी आणि लाज जास्त. आपल्याकडे या आजाराचा दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय चैन पडत नाही. कुणी म्हणते बाहेरचे आहे, उतारा टाका. कुणी म्हणते कामचुकार आहे, दोन ठेवून द्या. कुणी म्हणते लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल. हा सल्ला तर दुसऱ्याच्या लेकीचा बळी देणारा. आणि शेवटी सगळे येऊन थांबते ते आईपाशी. तिने लाडावून ठेवले, नाही तर तिने फार धाकात ठेवले. यात आपण मागासलेले आहोत असे समजायचे कारण नाही. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी अमेरिकेत चक्क ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी संज्ञा वापरली आणि पुढची काही दशके तिकडच्या शिकल्या-सवरलेल्या डॉक्टरांनीही आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्या पिंजऱ्यातून आईला बाहेर काढण्यात उपदेशापेक्षा मेंदूच्या छायाचित्रांचा वाटा मोठा आहे.

मेंदूत काहीतरी बिघडत असावे, हा संशय जुना. जर्मनीत क्रेपेलिन यांनी या आजाराचे पहिले नीट वर्णन केले, तेव्हा त्यांचे सहकारी आल्झायमर सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांचे मेंदू तपासत होते. हेच ते विस्मरणाच्या रोगाचे आल्झायमर. तो रोग त्यांना सापडला, हा मात्र निसटला. 1908 साली स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. आपण त्याचे ‘छिन्नमनस्कता’ असे भाषांतर केले आणि एका माणसात दोन माणसे राहतात, असला गैरसमज त्या शब्दाबरोबर पसरला. सिनेमांनी त्याला खतपाणी घातले. प्रत्यक्षात या आजारात माणूस दोन होत नाही. त्याच्या विचारांचा, भावनांचा आणि भोवतालच्या जगाचा एकमेकांशी असलेला सांधा निखळतो. कुणी बोलत नसताना बोलणे ऐकू येते, आणि ते तुम्हा-आम्हाला ऐकू येते तितकेच खरे वाटते.

जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायची सोय तेव्हा नव्हती. 1927 साली जर्मनीत काही रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूचे क्ष-किरण चित्र काढले गेले. फार वेदनादायी प्रकार. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या या रुग्णांत मोठ्या दिसल्या. पण अशा तपासणीवर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांनी सीटी स्कॅनचे यंत्र बनवले आणि 1976 साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 जुनाट रुग्णांचे स्कॅन काढले. निरोगी माणसांशी तुलना केली तेव्हा तेच दिसले. पोकळ्या मोठ्या. पोकळी मोठी याचा अर्थ भोवतालचा मेंदू तेवढा कमी. सतरा म्हणजे काही मोठा आकडा नव्हे, पण त्या छोट्याशा निबंधाने वारे फिरले.

जुळ्यांची साक्ष

तरीही शंका घ्यायला जागा होती. माणसामाणसांच्या मेंदूत जन्मतःच फरक असतात. ज्याची उंची वेगळी त्याचे डोकेही वेगळे. मग तुलना करायची कुणाशी? याचे उत्तम उत्तर 1990 साली अमेरिकेत मिळाले. एकाच बीजांडातून जन्मलेली, हुबेहूब सारखी अशी जुळ्यांची 15 जोडपी शोधली गेली. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा धडधाकट. दोघांचा आनुवंशिक वारसा एकच, घर एक, आईही एकच. एमआरआयच्या चित्रांत 15 पैकी 14 जोड्यांमध्ये आजारी भावंडाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला स्मृतीशी संबंधित भाग, निरोगी भावंडापेक्षा लहान निघाला. या संशोधकांपैकी फुलर टॉरी यांच्या सख्ख्या बहिणीला हाच आजार होता. त्यांनी सारे आयुष्य या एका विषयाला का दिले, हे वेगळे सांगायला नको.

या जुळ्यांनी एका वेळी दोन साक्षी दिल्या. मेंदूच्या रचनेत फरक पडतो, हे तर कळलेच. पण आनुवंशिकता शंभर टक्के सारखी असूनही दुसरा भाऊ निरोगी राहू शकतो, हेही त्याच अभ्यासात समोर बसलेले होते. हुबेहूब जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमी असते. अलीकडच्या पाहण्यांत ती एकतृतीयांशाच्या आसपास दिसते. साध्या सख्ख्या भावंडांत ती शंभरात नऊ-दहाच्या घरात. ओझरच्या त्या आईसाठी हाच आकडा उलटून सांगायला हवा. शंभरातल्या नव्वद भावंडांना हा आजार होत नाही.

पुढे अभ्यासांचा आकार वाढत गेला. 2016 साली जगातल्या अनेक केंद्रांनी आपापली चित्रे एकत्र केली, तेव्हा 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी माणसे यांची तुलना करता आली. रुग्णांत हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला आणि थॅलॅमस सरासरीने लहान, पोकळ्या मोठ्या. दोन वर्षांनी साडेचार हजारांच्या जवळपास रुग्णांची चित्रे तपासली गेली आणि कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूवरचे सुरकुत्यांचे पटल, सरासरीने पातळ आढळले. विशेषतः कपाळामागचे आणि कानशिलाजवळचे.

आता या ‘सरासरी’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळी गफलत तिथेच होते. निफाडच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. समजा दोन बागा आहेत. एका बागेतल्या मण्यांचा सरासरी आकार 18 मिलिमीटर, दुसरीतल्यांचा 17. पेट्याच्या पेट्या मोजल्या तर फरक नक्की दिसतो. पण तुमच्या तळहातावर एकच मणी ठेवला आणि हा कोणत्या बागेतला ते सांगा म्हटले, तर कोण सांगू शकेल? पहिल्या बागेतही लहान मणी आहेत आणि दुसरीतही टपोरे आहेत. हिप्पोकॅम्पसचे अगदी असेच आहे. 2016 च्या अभ्यासातला फरक घेऊन हिशेब मांडला, तर एक रुग्ण आणि एक निरोगी अशा शंभर जोड्यांपैकी साधारण त्रेसष्ट जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि उरलेल्या सदतीस जोड्यांत निरोगी माणसाचा. नाणे उडवून सांगितले तरी पन्नास बरोबर येतातच! म्हणून हजारो माणसांच्या अभ्यासात पक्का असलेला हा फरक एका माणसाच्या फिल्मवर वाचता येत नाही. एमआरआय पाहून ‘हा स्किझोफ्रेनिया’ असे निदान कुणालाही करता येत नाही. निदान अजूनही होते ते रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच.

मग डॉक्टर स्कॅन करायला सांगतात ते कशासाठी? दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. मेंदूतली गाठ, डोक्याला जुना मार, फिट्स, मेंदूची सूज यांतही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. त्यामुळे पहिल्यांदा लक्षणे दिसल्यावर, विशेषतः ती अचानक किंवा उतारवयात सुरू झाली तर, डॉक्टरांनी स्कॅन सांगितला आणि तो ‘नॉर्मल’ आला, तर पैसे वाया गेले असे मानू नये. आणि फिल्म नॉर्मल आली म्हणून ‘बघा, याला काही झालेले नाही, ढोंग करतो’ असे तर मुळीच म्हणू नये. हा दुसरा अर्थ आपल्याकडे फार पटकन काढला जातो.

छाटणी

मेंदूत हा फरक पडतो कशामुळे? पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पण एक कल्पना द्राक्षाच्या मुलखातल्या वाचकाला सहज पटेल. जन्मानंतर मुलाच्या मेंदूत पेशींना पेशी जोडणारे दुवे गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. पुढे, मुख्यतः वयात येण्याच्या काळात, मेंदू त्यांतले नको असलेले काढून टाकतो. ही छाटणीच. वेलाला ती हवीच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी झाली नाही, तर नुसता पालाच वाढेल. पण छाटणाऱ्याचा हात जड पडला आणि फळाच्या काड्याच गेल्या, तर? स्किझोफ्रेनियात ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा अंदाज 1982 साली अमेरिकेतले फाइनबर्ग यांनी मांडला. मुलगा सतरा-अठरा वर्षांपर्यंत चांगला असतो आणि ऐन उमेदीतच हे का उद्भवते, याचा उलगडा त्यातून होत होता. मुलींमध्ये सुरुवात सहसा थोडी उशिरा होते.

हा अंदाज तीस-पस्तीस वर्षे अंदाजच राहिला. मग 2016 साली मॅककॅरोल, बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-4 नावाच्या जनुकाकडे बोट दाखवले. हे जनुक मुळात शरीराच्या प्रतिकारशक्तीतले. जंतूंवर ‘हे नष्ट करा’ अशी खूण करणारे प्रथिन ते तयार करते. तसलीच खूण मेंदूत दुव्यांवरही होते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले; आणि ज्या माणसांत या जनुकाचे जोरकस प्रकार असतात, त्यांच्यात आजाराचे प्रमाण थोडे जास्त आढळले. थोडेच. असली शेकडो जनुके आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यांत गर्भारपणातले आणि बाळंतपणातले त्रास, शहरातली ओढाताण, लहानपणचे आघात, गांजा अशा कितीतरी गोष्टी मिसळतात. त्यामुळे ‘हे आईच्या माहेरून आले की वडिलांकडून’ हा दिवाणखान्यातला वाद शास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे.

आता धाकटीचा प्रश्न. ज्यांना धोका आहे पण आजार झालेला नाही, अशांचे मेंदू पाहण्याचे काम स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे 1994 साली सुरू झाले. नॉर्थविक पार्कच्या अभ्यासातल्या त्याच ईव्ह जॉनस्टन इथे प्रमुख होत्या. ज्यांच्या जवळच्या नात्यात किमान दोघांना स्किझोफ्रेनिया आहे, अशी 16 ते 25 वयाची सुमारे दीडशे मुलेमुली त्यांनी निवडली आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला. पुढच्या दहा वर्षांत त्यांतली वीसेक आजारी पडली. गंमत अशी, की या मुलांच्या मेंदूंची मापे सरासरीने रुग्ण आणि निरोगी यांच्या मधली आली. म्हणजे जी मुले पुढे ठणठणीत राहिली, त्यांच्यातही थोडा फरक होताच. रचनेतला फरक म्हणजे आजार नव्हे, हे इथे कळले.

2003 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पँटेलिस यांनी वेगळी वाट धरली. नुसते नाते न पाहता ज्यांना बारीकसारीक लक्षणे जाणवू लागली आहेत, अशा 75 तरुणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या 23 जणांना पुढे आजाराने गाठले. त्यांच्या कानशिलाच्या आणि कपाळाच्या काही भागांत करडा थर आधीपासूनच कमी होता, आणि ज्यांचे पुन्हा स्कॅन झाले, त्यांच्यात आजार सुरू होण्याच्या काळात तो आणखी कमी झालेला दिसला. आजार अंगावर येताना मेंदू बदलत असतो, याचा हा पुरावा. अगदी अलीकडे, 2021 मध्ये, 31 केंद्रांमधल्या अशा 1,792 तरुणांची चित्रे एकत्र तपासली गेली. त्यांतले 253 पुढे आजारी पडले. त्यांच्या कॉर्टेक्सचे काही भाग पातळ होते हे खरे, पण फरक इतका बारीक, की एकेकाचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

तेव्हा धाकटीला काहीही त्रास नसताना तिचा एमआरआय काढून काही हजार रुपये घालवण्यात अर्थ नाही. पैशांपेक्षाही मला दुसरी भीती वाटते. अहवालात काही किरकोळ निघाले, तर ती मुलगी आयुष्यभर स्वतःकडे संशयाने पाहील आणि घरचेही तिच्याकडे तसेच पाहतील. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने एक दिवस दार लावून रडणे, चिडणे, मैत्रिणीशी अबोला धरणे ही काही लक्षणे नव्हेत. ते वय आहे. लक्ष द्यायचे ते आठवडे न् आठवडे टिकणाऱ्या बदलाकडे. मार्क एकदम घसरणे, माणसांतून अंग काढून घेणे, झोपेचे चक्र उलटे होणे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष, विनाकारण संशय, कुणी नसताना कानोसा घेणे. असे काही एकत्र दिसू लागले, तर ‘वयात आली आहे, होईल ठीक’ म्हणून वर्ष घालवू नये. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके सावरणे कठीण जाते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. आणि ज्या घरात हा आजार आहे, तिथल्या तरुण मुलांनी गांजापासून लांब राहावे. कॉलेजात तो गंमत म्हणून फिरतो, पण अशा मुलांसाठी ती गंमत नाही.

औषधांबद्दलही एक बोलले पाहिजे, कारण मोबाइलवर अर्धवट वाचून कुणीतरी गोळ्या बंद करतोच. 2011 साली अमेरिकेत आयोवा इथे नॅन्सी अँड्रिआसन यांच्या गटाने 211 रुग्णांची वर्षानुवर्षे काढलेली चित्रे तपासली. ज्यांना औषधांचा मारा जास्त, त्यांच्या मेंदूतली घट थोडी जास्त, असे त्यात दिसले. अभ्यास गंभीर आहे, उडवून लावण्यासारखा नाही. डॉक्टरांनी पुरेल तेवढाच डोस द्यावा, असा त्याचा अर्थ. पण औषध सुरू होण्याआधीच्या रुग्णांतही हे फरक आढळतात, हे विसरून चालणार नाही. आणि फिनलंडमधल्या मोठ्या पाहणीत औषधे घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाले होते. डोस कमी करायचा तर तो डॉक्टरांशी बोलून. परस्पर बंद केलेली गोळी बऱ्याचदा रुग्णाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडते.

शुभंकर

ओझरवरून जाणारा आग्रा रस्ता पुढे धुळ्याला जातो. त्या धुळे जिल्ह्यातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र आणि विमागणित शिकवत. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परक्या देशात, लहान मुलींना सांभाळत त्यांनी हे घरातले दुखणे निभावले आणि ते लपवून ठेवले नाही, ही त्यांची खरी मोठी गोष्ट. भारतात अशा कुटुंबांना कुणी विचारत नाही हे पाहून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’ ही संस्था सुरू केली. 2004 साली आलेला ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने निघाला. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष अनेक वाचकांना आठवत असेल. त्यात डॉक्टरांचे काम करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. वाणी 2017 साली गेले. सरासरी आणि एक माणूस यांतले अंतर संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाइतके कुणाला कळणार, असे मला त्यांच्याविषयी वाचताना नेहमी वाटते.

‘सा’ने दोन सुंदर शब्द वापरात आणले. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. पुण्याजवळ धायरीला त्यांचे पुनर्वसन केंद्र आहे, शुभंकरांचे स्वमदत गट भरतात. आपल्यासारखीच दहा घरे समोर बसलेली पाहिली, की आईचा अपराधीपणा निम्मा तिथेच उतरतो. ‘माझे काही चुकले का?’ या तिच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला आज शास्त्राचा आधार आहे. पण घरातल्या वागण्याचा पुढच्या प्रवासावर परिणाम होतो, हेही शास्त्रच सांगते. सतत टीका, टोमणे आणि कुरकुर असलेल्या घरात आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, असे लंडनच्या अभ्यासांत दिसले होते. तोच अभ्यास चंडीगडला केला तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत ही टीका कमी आढळली. एकत्र घरात कुणी ना कुणी ‘असू दे, बरे नाही त्याला’ म्हणणारे असते, त्याचा हा गुण असावा. आता घरे लहान झाली. टाऊनशिपमधल्या दोन खोल्यांत आई-वडील आणि आजारी मुलगा, असे तिघेच समोरासमोर असतात. आई-वडिलांची सत्तरी जवळ आली, की त्यांना रात्री झोप येत नाही ती मुलाच्या मेंदूतल्या पोकळ्यांमुळे नव्हे. आपल्यामागे याला जेवायला कोण वाढेल, या विचाराने.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधे मिळतात, ती नाशिकलाही विचारावीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही इतर आजारांसारखेच धरायला लावले आहे. जुनी पॉलिसी असेल तर ती काढून वाचावी. आणि ज्यांना अजून कुणाशी बोलायचे धाडस होत नाही, त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन फुकट लागतो, मराठीतून बोलता येते आणि तो रुग्णानेच करायला हवा असे नाही. आईने केला तरी चालतो.